खेळाडूच पंच झाला तर?

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विमानवाहतुकीवर लेख लिहावा, हा अव्यापारेषु व्यापार आहे असे कोणी म्हणेल. विमान हवेत तरंगते कसे, हे विज्ञानशाखेच्या मित्रांनी सांगावे. आमची त्याला ना नाही. परंतु विमान उडवण्याचा परवाना कोणी द्यावा, आणि परवाना देणाऱ्यावर नजर कोणी ठेवावी, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही. तो राज्यशास्त्राचा आहे. किंबहुना आपल्या वर्गात पहिल्याच वर्षी माँतेस्क्यूचा सत्ताविभाजनाचा सिद्धांत शिकवतात, त्याचाच तो एक धडा आहे. कायदा करणारा, तो राबवणारा आणि न्याय देणारा एकच असला म्हणजे नागरिकाचे स्वातंत्र्य संपले, असे तो फ्रेंच पंडित अठराव्या शतकात सांगून गेला. परीक्षेत आपण हे उत्तर दहा गुणांसाठी लिहितो आणि विसरून जातो. हाच सिद्धांत धुक्यात उतरणाऱ्या विमानातील माणसांच्या जिवाशी कसा येऊन भिडतो, ते सांगावे म्हणून हा प्रपंच.

उदाहरण शेजारचे घेतो. नेपाळमध्ये एक सरकारी संस्था आहे. तिचे नाव ‘नेपाल नागरिक उड्डयन प्राधिकरण’. देवनागरीतलेच नाव असल्याने अर्थ सांगण्याची गरज नाही. ही संस्था दोन कामे करते. पहिले काम नियंत्रकाचे. वैमानिकाला परवाना देणे, विमान उडण्याच्या लायकीचे आहे असे प्रमाणपत्र देणे, विमान कंपनीची तपासणी करणे, विमानतळ सुरक्षित आहे की नाही ते ठरवणे, आणि नियम मोडणाऱ्याला दंड करणे किंवा त्याचे उड्डाण थांबवणे. दुसरे काम चालकाचे. काठमांडूचा त्रिभुवन, भैरहवाचा गौतम बुद्ध आणि पोखरा हे तिन्ही आंतरराष्ट्रीय विमानतळ व देशातील इतर विमानतळ हीच संस्था चालवते. धावपट्ट्या तिच्या, मनोऱ्यात बसून विमानांना सूचना देणारे नियंत्रक तिचे, उतरण्याचे शुल्क व प्रवाशांकडून घेतले जाणारे शुल्क तिचे, आणि नवे विमानतळ बांधण्यासाठी काढलेले कर्जही तिच्याच डोक्यावर.

आता जरा विचार करा. विमानतळ सुरक्षित आहे की नाही हे ठरवणारा कोण? प्राधिकरण. विमानतळ कोणाचा? प्राधिकरणाचा. मनोऱ्यातील नियंत्रकाने चूक केली तर त्याला जाब विचारणारा कोण? प्राधिकरण. नियंत्रक नोकर कोणाचा? प्राधिकरणाचा. कबड्डीच्या मैदानात चढाई करणाऱ्यानेच गळ्यात शिट्टी अडकवावी आणि स्वतः बाद की नाबाद हे स्वतःच पुकारावे, तशातला हा प्रकार!

या संस्थेवर तोंडसुख घेणे सोपे आहे. पण आधी तिची बाजू समजून घेणे न्यायाचे होईल. नेपाळला विमान ही चैन नाही, गरज आहे. डोंगराळ जिल्ह्यांतील कित्येक गावांना रस्ता पोहोचला नव्हता तेव्हा विमान पोहोचले होते. १९४९ साली भारताचे राजदूत ज्या छोट्या विमानातून काठमांडूला उतरले, ते विमान त्या खोऱ्यात उतरलेले पहिले मानले जाते. उतरण्याची जागा होती गौचर, म्हणजे गाई चारण्याचे कुरण. १९५५ साली राजे महेंद्र यांनी त्याच जागी विमानतळाचे उद्घाटन करून आपल्या वडिलांचे, त्रिभुवन यांचे, नाव त्याला दिले. १९५७ साली सरकारचे नागरी विमानवाहतूक खाते निघाले. गाईंच्या कुरणापासून आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचा हा प्रवास एका गरीब देशाने फार थोड्या वर्षांत केला, हे कौतुकाचेच आहे.

आणि भूगोल तरी कसला! काठमांडूचे खोरे चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेले. विमानाला डोंगर ओलांडून एकदम खाली यावे लागते. एव्हरेस्टच्या वाटेवरील लुक्ला येथील धावपट्टी पाचशे मीटरपेक्षा थोडीच अधिक लांब आहे, आणि तीही उताराची. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. उतरताना चुकलेल्याला पुन्हा प्रयत्न करण्याची सोय नाही. पोखराहून जोमसोमला जाणारे विमान दोन महापर्वतांच्या मधल्या काली गंडकीच्या घळईतून जाते. दुपार झाली की तेथे वारे असे सुटतात की उड्डाणे सकाळीच उरकावी लागतात. अशा देशात अपघात मुळीच होणार नाहीत अशी अपेक्षा कोणी शहाणा माणूस करणार नाही.

पण भूगोल कठीण असेल तर नियंत्रक अधिक कडक हवा, की अधिक सैल? खरी मेख येथे आहे.

१९९२ हे वर्ष काठमांडूच्या इतिहासात काळे ठरले. ३१ जुलैला थाई कंपनीचे एअरबस विमान डोंगरावर आदळून ११३ माणसे गेली; दोन महिने होतात न होतात तोच, २८ सप्टेंबरला, पाकिस्तानच्या विमान कंपनीचे एअरबस उतरता उतरता डोंगराला धडकले आणि १६७ माणसे गेली. त्या वेळी काठमांडूला रडार नव्हते. पुढे १९९६ साली कायदा झाला आणि १९९८ च्या अखेरीस जुन्या खात्याच्या जागी हे स्वायत्त प्राधिकरण उभे राहिले. खाते गेले, प्राधिकरण आले. पण खात्याच्या पोटात असलेली दोन कामे प्राधिकरणाच्याही पोटात तशीच राहिली. पाटी बदलली, दुकान तेच.

२०१३ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने नेपाळच्या देखरेखीत गंभीर उणीव असल्याचा शेरा मारला. ही संघटना १९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेली; देशोदेशींचे नियंत्रक आपले काम नीट करतात की नाही हे ती तपासते. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय संघाने नेपाळमध्ये नोंदलेल्या सर्वच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बंदी एखाद्या बेशिस्त कंपनीवर नव्हती, सरसकट सर्वांवर होती. उद्या नवी कंपनी निघाली तरी ती जन्मतःच यादीत. याचा अर्थ अविश्वास विमानांवर नव्हता, विमाने तपासणाऱ्यावर होता. वर्गातील एखादा मुलगा नापास होणे वेगळे, आणि त्या शाळेच्या गुणपत्रिकाच कोणी मानायच्या नाहीत असे ठरणे वेगळे. आंतरराष्ट्रीय संघटनेने आपला शेरा २०१७ साली काढून घेतला. युरोपची बंदी मात्र २०२५ च्या जून महिन्यातील यादीतही कायम होती. एक तप उलटले!

या तपात काय घडले त्याची यादी वाचताना मन विषण्ण होते. २०१६ च्या फेब्रुवारीत पोखराहून जोमसोमला निघालेले छोटे विमान कोसळून २३ जण गेले. २०१८ च्या मार्चमध्ये बांगलादेशच्या एका कंपनीचे विमान काठमांडूला उतरताना पडले, ५१ गेले. २०२२ च्या मे महिन्यात पुन्हा पोखरा ते जोमसोम, पुन्हा छोटे विमान. २२ गेले, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रातील चौघे होते. २०२३ च्या जानेवारीत पोखरा येथे ७२ गेले. विमानातील एकही माणूस वाचला नाही. २०२४ च्या जुलैत काठमांडूहून दुरुस्तीसाठी निघालेले विमान उड्डाण करता करताच पडले. १९ पैकी १८ गेले, एकटा वैमानिक वाचला.

हे सारे अपघात एका संस्थेच्या दुहेरी कामामुळेच झाले, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोखऱ्याच्या २०२३ च्या अपघाताचेच पाहा. विमानतळाचे उद्घाटन १ जानेवारीला झाले आणि अपघात १५ जानेवारीला. त्यामुळे लोकांनी साहजिकच नव्या विमानतळाकडे बोट दाखवले. चौकशीत निष्पन्न झाले ते वेगळेच. उतरताना पंखांच्या झडपांचा दांडा ओढायचा, त्याऐवजी शेजारचा दुसराच दांडा ओढला गेला. दोन्ही पंख्यांचा जोर गेला, आणि काय झाले ते वैमानिकांच्या लक्षात येण्याआधीच विमान पडले. चूक माणसाची होती. ती जगातील कोणत्याही देशात होऊ शकते.

परंतु २०२४ च्या अपघाताची चौकशी वाचताना मात्र आपण थबकतो. उड्डाणाच्या वेळी किती वेगाला विमानाचे नाक उचलायचे, हे वैमानिक एका तक्त्यावरून पाहतात. त्या कंपनीच्या तक्त्यातील आकडेच चुकलेले होते, आणि तक्ता तयार झाल्यापासून ती चूक कोणाच्या नजरेस आली नव्हती. त्या पुस्तिकेला कोणाची मंजुरी घेण्याची रीतही नव्हती. चुकीचा तक्ता कंपनीने केला, हे खरे. पण तो तपासायला कोणी तरी बसवलेले असते ना? दाराशी पहारेकरी असूनही चोरी झाली तर पहारेकरी कोठे पाहत होता, असे विचारावेच लागते. पहारेकरी जर घरकामातच गुंतलेला असेल, तर उत्तर आपोआप मिळते.

दुहेरी कामाचे नुकसान असे असते. ते बहुधा लाचलुचपतीच्या किंवा कटकारस्थानाच्या रूपाने येत नाही. सोयीस्कर दुर्लक्षाच्या रूपाने येते. नवा विमानतळ बांधला आहे, कर्ज काढले आहे, हप्ते सुरू होणार आहेत, मंत्रिमहोदयांनी उद्घाटनाची तारीख जाहीर केली आहे. अशा वेळी त्याच संस्थेतील एका अधिकाऱ्याने उठून ‘थांबा, अमुक यंत्रणा अजून बसलेली नाही’ असे म्हणायचे! म्हणायचे कोणाला? आपल्याच वरिष्ठाला. पोखऱ्याचा विमानतळ चीनच्या बँकेकडून घेतलेल्या सुमारे साडेएकवीस कोटी डॉलरच्या कर्जातून उभा राहिला. ज्या नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या भरवशावर तो बांधला, ती पुढील दोन वर्षांत जवळपास फिरकलीच नाहीत. भैरहवाच्या विमानतळाचेही २०२२ च्या बुद्धपौर्णिमेला थाटात उद्घाटन झाले. त्याचीही ओढाताण चालूच राहिली. कर्जदार आणि तपासनीस जेव्हा एकाच खुर्चीत बसतात, तेव्हा कर्जदाराचा आवाज मोठा असतो आणि तपासनीस घसा खाकरत राहतो.

त्यातून वरची रचना पाहा. प्राधिकरणाच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष कोण, तर पर्यटन व नागरी विमानवाहतूक खात्याचे मंत्री. सरकारी विमान कंपनी कोणाच्या खात्याखाली? त्याच मंत्र्यांच्या. अपघात झाला की चौकशी आयोग सरकारच नेमणार आणि त्याचे कामकाज त्याच मंत्रालयाच्या छायेत चालणार. म्हणजे विमान चालवणारा, विमानतळ चालवणारा, दोघांना तपासणारा आणि अपघातानंतर न्यायनिवाडा करणारा, सारे एकाच छत्रीखाली. पर्यटक वाढावेत ही त्या मंत्र्याची इच्छा असते, आणि ती गैर नाही. पण पर्यटक आणण्याची घाई आणि विमान थांबवण्याचे धैर्य ही दोन्ही एकाच माणसाच्या अंगी क्वचितच असतात.

या घोटाळ्याचे सर्वांत मोठे नुकसान पैशात मोजता येत नाही; ते विश्वासाचे आहे. २०१८ चा काठमांडूचा अपघात आठवा. कोणत्या टोकाने उतरायचे याबद्दल मनोरा आणि विमान यांच्यात गोंधळ झाल्याचे संभाषण साऱ्या जगाने ऐकले. नेपाळ सरकारने नेमलेल्या आयोगाने मुख्य दोष वैमानिकाच्या भरकटलेल्या मनःस्थितीला दिला. बांगलादेशच्या बाजूने मात्र, मनोऱ्यानेही आपले काम नीट केले नाही, असे म्हटले गेले. आयोगाचा निष्कर्ष शंभर टक्के बरोबर असेलही. तो चूक आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण मनोरा ज्यांचा, त्यांच्याच मंत्रालयाने नेमलेल्या आयोगाने मनोऱ्याला बव्हंशी निर्दोष ठरवले, तर मृतांच्या नातेवाइकांनी त्यावर विश्वास ठेवावा कसा? न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झालेला दिसावाही लागतो. येथे खरा न्याय झाला असला तरी तो दिसत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावरही त्यामुळे डाग पडतो. मला वाटते, संस्थेचे दोन भाग करण्याची सर्वांत मोठी गरज कोणाला असेल, तर ती तेथील प्रामाणिक अधिकाऱ्यालाच आहे.

या सूचनेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप असा की, नेपाळ लहान देश आहे. तज्ज्ञ माणसे मूठभर, पैसा तुटपुंजा, त्यात दोन संस्था पोसायच्या कशा? दुसरा आक्षेप, प्राधिकरणाने अंतर्गत विभागणी केलेलीच आहे. नियंत्रणाचे काम वेगळे आणि सेवेचे वेगळे, मग आणखी काय हवे? तिसरा आक्षेप असा की, अमेरिकेसारख्या देशातही विमान नियंत्रक संस्थाच मनोरे चालवते, मग आम्हालाच उपदेश का?

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. पण पैसा तुटपुंजा म्हणूनच ना युरोपची बंदी परवडत नाही? देश पर्यटनावर बराचसा विसंबून असावा आणि त्याच्या विमान कंपन्यांनी युरोपात पाऊल टाकू नये, हा तोटा दोन कार्यालयांच्या खर्चाहून लहान असेल असे वाटत नाही. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर एका ओळीचे आहे. घरात पडदा लावला म्हणजे दोन घरे होत नाहीत. दोन्ही शाखांचा महासंचालक जोवर एक आहे, बढती आणि बदली जोवर एकाच हातात आहे, तोवर पडद्याच्या अलीकडचा माणूस पलीकडच्याला नोटीस देताना दहा वेळा विचार करणारच.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. अमेरिकेचे विमानवाहतूक प्रशासन खरोखरच आकाशातील वाहतूक स्वतः हाकते. तेथे विमानतळ मात्र बहुतांशी शहरांच्या व स्थानिक मंडळांच्या ताब्यात आहेत. म्हणजे अर्धे विभाजन आहेच. पण त्यांचाच इतिहास आपल्या मुद्द्याची साक्ष देतो. त्या संस्थेवर पूर्वी कायद्याने दोन जबाबदाऱ्या होत्या, विमानसुरक्षा सांभाळणे आणि विमानव्यवसायाला उत्तेजन देणे. १९९६ च्या मे महिन्यात फ्लोरिडातील दलदलीत एका स्वस्त दराच्या कंपनीचे विमान कोसळून ११० माणसे गेली. तेव्हा गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी तेथील काँग्रेसने ‘उत्तेजन देणे’ हे कलम काढून टाकले. पुढे काय झाले? नव्या विमानांच्या तपासणीचे बरेचसे काम त्या संस्थेने विमान बनवणाऱ्या कंपनीच्याच माणसांवर सोपवले. २०१८ आणि २०१९ साली बोइंगची एकाच जातीची दोन विमाने पडून ३४६ माणसे गेली तेव्हा जगाला कळले की, शिट्टी पुन्हा खेळाडूच्या गळ्यात गेली होती. हा रोग गरीब देशांचाच आहे असे नाही. पण त्यावरील औषध श्रीमंतांना महाग पडत नाही आणि गरिबांना मृत्यूची किंमत मोजून घ्यावे लागते.

औषध लागू पडते का? दोन उदाहरणे पाहू. थायलंडला २०१५ साली आंतरराष्ट्रीय संघटनेचा लाल शेरा मिळाला. त्या सरकारने त्याच वर्षी जुने खाते मोडून स्वतंत्र नियंत्रक संस्था उभी केली, विमानतळांचे काम दुसऱ्यांकडे दिले. २०१७ साली शेरा निघाला. पाकिस्तानची संस्था १९८२ पासून नेपाळसारखीच दुहेरी होती. २०२० च्या मे महिन्यात कराचीत मोठा अपघात झाला, आणि पाठोपाठ तेथील मंत्र्यांनी संसदेतच सांगितले की २६२ वैमानिकांच्या परवान्यांबद्दल संशय आहे. परवाने देणारी संस्था कोणती, हे सांगायला नकोच. युरोपने त्यांच्या सरकारी कंपनीला प्रवेश बंद केला. २०२३ साली पाकिस्तानने कायदा करून विमानतळांची संस्था वेगळी काढली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात युरोपने बंदी उठवली. केवळ विभाजनाने हे साधले असे नाही. बाकीच्या सुधारणाही होत्या. पण पहिले पाऊल ते होते. आपण ज्यांना उठता बसता नावे ठेवतो त्यांना हे जमले, आणि नेपाळमध्ये मात्र विभाजनाची विधेयके वरच्या सभागृहात येऊनही खालच्या सभागृहाची मुदत २०२२ साली संपली तेव्हा बारगळली. कर्मचाऱ्यांचा विरोध, मंत्र्यांची उदासीनता आणि सरकारांची पाडापाडी. या तीन चाकांच्या गाडीतून कायदा कधीच मुक्कामाला पोहोचत नाही.

आता कोणी म्हणेल, नेपाळचे पुरे झाले, आपल्या घरचे काय? प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहणाऱ्याने स्वतःच्या डोळ्याकडेही पाहावे. आपल्याकडेही एके काळी हेच होते. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे खातेच देशातील बहुतेक विमानतळ चालवत असे. १९७२ साली मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी स्वतंत्र प्राधिकरण निघाले, १९८६ साली उरलेल्यांसाठी दुसरे, आणि १ एप्रिल १९९५ रोजी दोन्ही मिळून आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण झाले. महासंचालनालयाकडे नियंत्रणाचे काम उरले. अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ साली वेगळा विभाग निघाला. नव्या मुंबईच्या विमानतळाचे उदाहरण घ्या. त्याचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाले. तो चालवणारी कंपनी वेगळी, जमीन देऊन भागीदार झालेले सिडको वेगळे, परवाना देणारे महासंचालनालय वेगळे आणि प्रवाशांकडून किती शुल्क घ्यायचे ते ठरवणारी संस्था आणखी वेगळी. एवढ्यापुरते आपण एक पाऊल पुढे आहोत.

पण एकच पाऊल! नियंत्रक, विमानतळांचे सरकारी प्राधिकरण आणि अपघातांची चौकशी करणारा विभाग, तिघांचीही दोरी शेवटी एकाच मंत्रालयाच्या हातात आहे. आणि पंच वेगळा नेमला म्हणजे झाले, असेही नाही. पंचाला दिसले पाहिजे, पळता आले पाहिजे. २०२५ साली संसदेच्या समितीपुढे जे आकडे आले त्यांनुसार महासंचालनालयाच्या मंजूर पदांपैकी जेमतेम निम्मी भरलेली होती. त्याच वर्षी १२ जूनला अहमदाबादेत विमान कोसळून विमानातील आणि जमिनीवरील मिळून २६० माणसे गेली. त्या अपघाताशी या रिकाम्या खुर्च्यांचा संबंध जोडणे मला मान्य नाही. तरीही ज्या देशात विमाने दरसाल वाढत आहेत त्या देशात तपासनीसांच्या खुर्च्या रिकाम्या राहाव्यात, ही गोष्ट काळजीची नाही का?

हा विचार परका नाही. आपल्या घटनेच्या पन्नासाव्या कलमात न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करावी असे सांगितले आहे. त्यासाठी मुंबई राज्याने १९५१ सालीच कायदा केला. त्याआधी जिल्ह्यात पोलिसांवर हुकमत चालवणारा अधिकारीच फौजदारी खटल्यांचाही न्यायाधीश असे. तेव्हाही म्हणणारे म्हणत होतेच की, दोन अधिकारी नेमायला पैसा कोठून आणायचा, आणि आमचे साहेब तर किती न्यायी आहेत! साहेब न्यायी असतीलही. पण कायदा चांगल्या साहेबाच्या भरवशावर करायचा नसतो. वाईट साहेब आला तरी निभावून जाईल असा करायचा असतो.

आपल्या महाविद्यालयाकडेच पाहा ना. विद्यापीठाच्या परीक्षेत आमच्या उत्तरपत्रिका आमच्याच प्राध्यापकांकडे सहसा जात नाहीत. त्या कोठल्या तरी परगावच्या परीक्षकाकडे जातात, आणि त्यावर नावाऐवजी क्रमांक असतो. म्हणून आमचे प्राध्यापक पक्षपाती आहेत असे कोणी मानत नाही. उलट त्यांनाही त्यात सुटका वाटत असेल. आवडत्या विद्यार्थ्याला नापास करण्याचा प्रसंग तरी त्यांच्यावर येत नाही! एका साध्या बी.ए.च्या पदवीसाठी आपण एवढी काळजी घेतो. मग ज्या परीक्षेत नापास होण्याची शिक्षा मरण आहे, आणि तीही परीक्षार्थीला नव्हे तर मागच्या खुर्चीत पट्टा बांधून बसलेल्या निरपराध माणसाला, त्या परीक्षेत परीक्षक आणि परीक्षार्थी एकच असावा काय?

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांनी अजून विमानात पाय ठेवलेला नसेल. पण विमानतळ हे केवळ उदाहरण आहे. नगरपालिकेचे पाणी, कारखान्याचा धूर, पुलाचे बांधकाम, औषधाचा दर्जा. जेथे जेथे चालवणारा आणि तपासणारा एक झाला आहे तेथे तेथे हाच प्रश्न उभा आहे. उद्या आपल्यातलेच काही जण स्पर्धा परीक्षा देऊन त्या खुर्च्यांवर बसतील, काही जण वर्तमानपत्रांत जातील, आणि बाकीचे मतदार तर होतीलच. तेव्हा एखाद्या नव्या योजनेचे, नव्या मंडळाचे, नव्या प्राधिकरणाचे नाव कानावर आले की इमारत किती मजली आणि खर्च किती कोटी, एवढेच विचारून थांबू नये. या संस्थेला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो अधिकार वापरल्यावर त्याची नोकरी शाबूत राहते का, हे विचारावे. नेपाळच्या त्या डोंगरांवर जे गेले त्यांना हा प्रश्न विचारण्याची संधी मिळाली नाही. आपल्याला आहे.